दोन मिनिटांसाठी मद्रास

पाळणेसाहेबांची नक्कल करायचं मी सोडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. झाशीच्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीत कुणीतरी फर्माईश करतं आणि दर वर्षी मी कवळीचं कारण पुढे करतो. कवळी उत्तम बसते. तिच्यावर मी भाजलेल्या शेंगा खातो. खरं कारण सांगितलं तर त्या नकलेवर पोट धरून हसलेल्यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला समजावत आलो. दुसऱ्यांच्या भावनांची इतकी काळजी मी एरवी कधी केलेली नाही. आता हसलेल्यांपैकी फारसं कुणी उरलेलं नाही, तेव्हा सांगून टाकतो.

पाळणेसाहेब हे नाव मीच ठेवलेलं. ते मालगाडीचे गार्ड होते. म्हणजे सबंध गाडी पुढे जाते आणि अगदी शेवटी, ब्रेकव्हॅन नावाच्या खोक्यात, एक माणूस हिरवा झेंडा घेऊन एकटाच बसलेला असतो, तो माणूस. झाशीहून बीन्याला निघालेली त्यांची गाडी प्रत्येक सवारी गाडीला वाट देत, जागोजागी बाजूला उभी राहत जायची. दुसऱ्या दिवशी पोचली तरी लवकर पोचली म्हणायचे. असा हा माणूस सुट्टी मिळाली की दोन-दोन रात्री प्रवास करून कुठल्यातरी लांबच्या गावी जाई, तिथल्या आकाशपाळण्यात नाहीतर रोलर कोस्टरमध्ये दोन मिनिटं बसे आणि तेवढाच प्रवास उलटा करून पुन्हा ब्रेकव्हॅनमध्ये जाऊन बसे. निदान सगळ्या झाशीची तशी समजूत होती.

मी रेल्वेच्या ऑफिसात पास सेक्शनला बाबू होतो. रेल्वेच्या नोकरांना कुटुंबासकट फुकट प्रवासाचे वर्षाला मोजके पास मिळतात, ते मी लिहून देत असे. त्या खुर्चीवरून मला माणसांची पारख होते, असा माझा गैरसमज होता. लोक काशीला जात, तिरुपतीला जात, मुलीसाठी पुण्याकडे स्थळं पाहायला जात. सगळी कशी शोभेशी कारणं. पाळणेसाहेब मात्र खिडकीशी वाकून हळूच म्हणत, "पासबाबू, सोनपूर."

"सोनपूरला कोण आहे तुमचं?"

"मेळा आहे. असा पाळणा आलाय म्हणतात, वर गेलं की गंगा दिसते."

"आणि खाली आलं की?"

"की परत तिकीट काढायचं."

परगावी गाडी पोचवल्यावर गार्ड आणि ड्रायव्हर रनिंग रूममध्ये मुक्काम करतात. तिथे इतर लोक पत्ते कुटत, बदल्यांच्या बातम्या काढत, साहेब लोकांना शिव्या घालत. आमचे पाळणेसाहेब तिथे पाळण्यांच्या बातम्या गोळा करत. नागपूरचा गार्ड सांगे की अमुक ठिकाणी नवा आलाय, माणसाला पार उलटं करतो. विजयवाड्याचा सांगे, त्यात काय, आमच्याकडे तर मध्येच थांबवून लटकवून ठेवतात. साहेब हे सगळं ज्या गांभीर्याने ऐकत, त्या गांभीर्याने मी माझ्या मुलाचा निकालही कधी ऐकला नाही.

वहिनींची, म्हणजे साहेबांच्या बायकोची, सगळ्यांना कीव येई. त्या शहरातल्या जुन्या भिक्षुकी घराण्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेल्या. त्यांच्या मराठीत बुंदेली अशी मिसळलेली असे, जसं वरणात तूप. हळदीकुंकवाला बायका विचारत, "कसं हो सहन करता? माणसाला हौस असावी, पण इतकी?"

"अब क्या करें," वहिनी मान खाली घालून म्हणत. "आदत हो गई."

सासूबाई, म्हणजे साहेबांच्या आई, डोळ्यांनी अधू झाल्या होत्या. त्याच सुनेला बरोबर धाडत. "एकट्याला कसा सोडू? वर बसून घेरी आली, पडला, तर परक्या गावात कोण बघेल? तू जा गं बाई त्याच्यासोबत." मग शेजारीण आईंच्या सोबतीला येई आणि वहिनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन, सती जायला निघाल्यासारखा चेहरा करून, गाडीत चढत.

गणपतीच्या कार्यक्रमात माझी नक्कल ठरलेली. खुर्चीवर खुर्ची ठेवून त्यावर मी पाळणेसाहेब होऊन किंचाळत असे. मग खाली उडी मारून वहिनी होत असे: एका हातात नवऱ्याच्या चपला, दुसऱ्या हातात पिशवी, डोळे मिटून रामरक्षा. लोक खुर्च्यांवरून खाली पडत. पाळणेसाहेब आणि वहिनी पहिल्या रांगेत बसून हसत. वहिनी तर इतक्या हसत की पदराने डोळे पुसत. मला वाटे, काय खिलाडू जोडपं आहे! माझ्या कलेला दाद देतंय.

मग एकदा मी मुलांना घेऊन दिल्लीला गेलो. तिथे नवीनच रोलर कोस्टर आला होता. त्याच्या कठड्याशी एका झाडाखाली पाळणेसाहेब उभे. एका हातात बायकी चपला, दुसऱ्या हातात पिशवी, खिशात वहिनींचा चष्मा. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. हुबेहूब माझी नक्कल, फक्त माणूस चुकला होता.

"काय साहेब, बसून झालं?"

त्यांनी डोळे उघडले. तेवढ्यात वरून, रुळांच्या पार टोकावरून, अजून एक फेरी मागणारा आवाज आला, "एक बेर और, भैया!" गाडी धडाडत खाली आली. शेवटच्या डब्यात वहिनी होत्या. पदर कमरेला खोचलेला, अंबाडा सुटलेला. तो चेहरा झाशीत कुणी पाहिला नव्हता.

"शेवटच्या डब्यात का?" मी विचारलं.

"पुढचे उतरायला लागले की शेवटचा सगळ्यात जोरात खेचला जातो म्हणते. गार्डाची बायको आहे, मागच्या डब्याची किंमत तिला कळते." मग ते ओशाळून म्हणाले, "मी एकदाच बसलो रे. लग्नाच्या पहिल्या वर्षी, ग्वाल्हेरच्या मेळ्यात. उतरलो तो तिच्या शालूवरच… जाऊ दे. मला तर मालगाडीनेसुद्धा जरा वेग धरला की कसंतरी होतं."

"अहो, पण लोक तुम्हाला वेडा म्हणतात!"

"म्हणू देत की. वेड्या नवऱ्याबरोबर गेली तर ती सेवा होते. स्वतःच्या हौसेने गेली तर तीच थेरं होतात. आई तिला सोडते ती माझ्या काळजीपोटी. तू मंडळात बोलू नकोस हं."

मी गळ्याची शपथ घेतली. तोवर वहिनी खाली आल्या. मला पाहताच सवयीने त्यांनी तो बिचारा चेहरा घातला, मग काय झालंय ते लक्षात येऊन खळखळून हसल्या. "भैया, आता तुम्ही पण बसा एकदा!" मी बसलो नाही. मला सर्दी झाली होती.

त्या वर्षीच्या गणपतीत आदल्या दिवशी एका जादूगाराने टोपीतून कबुतर काढून भाव खाल्ला. माझी नक्कल सुरू झाली तर मागच्या रांगेत लोक आपसात बोलत होते. कलावंताला असा अपमान सोसत नाही. मी चालू नकलेत पात्रं उलटी केली. साहेबांना चपला देऊन खाली उभं केलं, वहिनींना वर चढवलं आणि टिपेच्या आवाजात ओरडलो, "एक बेर और, भैया!" सभागृह कोसळलं. कुणालाही ते खरं वाटलं नाही. सगळ्यांना वाटलं, काय नवी कल्पना लढवली! शपथ मोडली असंही मला वाटलं नाही, कारण माझ्या मते मी बोललो कुठे होतो? मी तर फक्त नक्कल केली होती.

पण डोळे अधू झालेलं माणूस नक्कल पाहत नाही, ऐकतं. पहिल्या रांगेत सुनेशेजारी बसलेल्या आई हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवली आणि सुनेकडे तोंड करून शांतपणे म्हणाल्या, "हा तुझा आवाज आहे." मी स्टेजवर होतो, पण मला ते ऐकू आलं. टाळ्या तेव्हा जरा ओसरल्या होत्या. मी वाकून त्या पुन्हा मिळवल्या.

चारच दिवसांनी पाळणेसाहेब खिडकीशी आले. मद्रासजवळ समुद्रकाठी खूप उंच रोलर कोस्टर आल्याची खबर त्यांनी महिनोन्‌महिने जपली होती आणि त्याचा पास मी आधीच लिहून दिला होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"रद्द कर."

"आई रागावल्या का?"

"रागावली असती तर समजूत काढली असती. ती एवढंच म्हणाली, मग आता कशाला जायचं? खरंच आहे. बहाणाच उरला नाही रे." आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी पासावर दोन रेघा मारल्या, सही केली आणि तो वर्षाच्या हिशेबात परत जमा करून दिला. नियमात बसणारी दयामाया मी कधीच नाकारली नाही. ऑफिसात चर्चा झाली की पाळणेसाहेब सुधारले. मंडळात म्हणाले, नकलेने हे काम केलं, विनोदाने समाज सुधारतो तो असा. मला नारळ दिला. मी घेतला.

पुढे आईंना दीर्घायुष्य लाभलं. दर डिसेंबरात साहेबांचे पास न वापरता वाया जात. आई गेल्या तेव्हा वहिनींना डॉक्टरांनी जिनासुद्धा बेताने चढायला सांगितलं होतं.

साहेब रिटायर होऊन मुलाकडे नाशिकला जायला निघाले. मी सीपरी बाजारातून सायकल मारत स्टेशनवर येताना एक वाक्य पाठ करत होतो. फलाटावर अख्खं मंडळ हार घेऊन हजर. मला पाहताच ओरडा झाला, "अरे, शेवटची एकदा नक्कल होऊन जाऊ दे!" माणसाने अशा वेळी काय करावं? मी केली. जुनी केली. वर साहेब, खाली वहिनी, रामरक्षा.

साहेब खदखदून हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता बरोबर केलीस."

वहिनी खिडकीत बसल्या होत्या. मी जवळ गेलो तशा हळू आवाजात म्हणाल्या, "भैया, त्या वर्षीचीच चांगली होती. आवाज एकदम सही काढला होता तुम्ही."

"वहिनी, त्या वर्षी मी…"

तेवढ्यात बायका ओटी भरायला खिडकीशी घुसल्या. खण, नारळ, तांदूळ, रडारड. मी मागे सरकलो. मागे सरकायला मला नेहमीच चांगली जागा सापडते.

रिटायर झाल्यावर मलाही पास मिळू लागले. मी काशी केली, रामेश्वर केलं. नाशिक रोड स्टेशनवरून दोनदा गेलो. फलाटावर उतरून चहा प्यायलो आणि पुन्हा गाडीत येऊन बसलो. आधी साहेब गेल्याचं कळलं, मग वहिनी. कळवणाऱ्याने साहेबांचा उल्लेख "ते पाळण्यांचे वेडे" असाच केला. मी दुरुस्ती केली नाही. ती आज करतो आहे: वेड त्यांचं नव्हतं, वहिनींचं होतं. साहेब फक्त चपला धरून उभे असत.

स्टेशनवर जे वाक्य अर्धवट राहिलं, ते पूर्ण झालं असतं तरी फार काही बिघडलं किंवा सुधरलं नसतं. माफी मागायची वेळ त्याच्या खूप आधी, पासाच्या खिडकीवर आली होती. साहेबांनी तो मद्रासचा पास पुढे केला तेव्हा मला पेन खाली ठेवून एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, माझं चुकलं. पास राहू द्या. वहिनींना घेऊन जा. तुम्ही येईपर्यंत आईंपाशी मी बसतो."