नकाशावर वाळलेले बिबडे

त्या नकाशाचा विषय निघाला की मला आजही ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे खानदेशी पापडांचा, वास येतो. तेव्हा मी जळगावात पोलीस निरीक्षक होतो. पिंप्राळ्यातला एक रस्ता रहिवासी विभागातून काढून दुकाने आणि कार्यालयांसाठी वाणिज्य विभागात घ्यायचा, असा नियमबदल महापालिकेने सुचवला होता. हरकती मागवल्या होत्या. रंगीत नकाशाचा मोठा फ्लेक्स चौकात टांगला होता. एका सकाळी तो गायब झाला.

ठाण्यात तक्रारी अर्ज आला. संशय गाद्या भरणाऱ्या एका चाचांवर. घराच्या तळमजल्यावर त्यांचे कापूस पिंजायचे यंत्र होते आणि रहिवासी भागात ते चालवतात म्हणून त्यांना नोटीस मिळाली होती. नियम बदलला तर धंदा टिकणार, नाही तर बंद. नकाशाच दिसला नाही तर हरकती कमी येतील, असा अर्जदाराचा तर्क. त्यात आमचा खबऱ्या म्हणाला, "साहेब, गुंडाळी चाचांच्याच जिन्याने वर गेली. मी स्वतः पाहिली. नेणारा तेवढा दिसला नाही."

मी चाचांना बोलावले. प्रश्न आधी क्रमाने लिहून काढायची माझी सवय. पहिलाच विचारला, "फ्लेक्स कुठे आहे?"

"मी चोरला नाही, साहेब."

"कोणी नेला ते माहीत आहे?"

चाचा खिडकीकडे बघून म्हणाले, "किती वेळ लागेल? ढग येताहेत."

"कापूस वाळत घातलाय का?"

"कापूस आत आहे."

"मग भिजणार काय?"

"काही नाही," म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे बघू लागले.

दोषी माणूस ठाण्यात दाराकडे बघतो. हा आभाळाकडे बघत होता. मी कागद घडी करून ठेवला, चाचांना जीपमध्ये घेतले आणि त्यांच्या घरी गेलो.

जीप थांबताच चाचा आमच्या पुढे जिना चढले. गच्चीवर समोरच्या घरातल्या अक्का एकट्याच धावपळ करत होत्या. गल्लीत दुकाने नकोत म्हणून घरोघरी फिरून सह्या घेणाऱ्या, म्हणजे चाचांच्या विरुद्ध बाजूच्या. त्यांच्या घरावर पत्रे, म्हणून दर उन्हाळ्यात त्यांचे बिबडे चाचांच्या गच्चीवर.

"अक्का, आधी कडेचे उचला," चाचा म्हणाले. बिबडे पसरलेल्या साडीची दोन टोके दोघांनी धरली. माझा हवालदारही न सांगता बिबडे गोळा करू लागला. साडी उचलली तर खाली फ्लेक्स, पांढरी बाजू वर.

"मीच लई उनू, सायेब," अक्का म्हणाल्या. "आम्ही बठ्ठासनी वाची लिधा. मंग टांगीसन काय कराना?" फ्लेक्स त्यांनीच आणला होता; सगळ्यांनी वाचून झाल्यावर तो टांगून ठेवून काय करायचे, असा त्यांचा हिशोब.

मी चाचांना विचारले, "ठाण्यात बोलला का नाहीत?"

"अक्कांना ठाण्यात बसवायचं? पीठ भिजवलेलं होतं त्यांचं."

चाचा कुठून आले ते अक्कांना तेव्हा कळले. "येडा शे हाऊ," एवढेच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

अर्जदाराला बोलावून खुलासा केला, अक्कांना समज दिली, अर्ज निकाली काढला. फ्लेक्स पुसून पुन्हा चौकात लागला.

सुनावणीला बंदोबस्त आमचाच होता. अक्का उभ्या राहिल्या. "मोठी दुकानं, ऑफिसं नकोत. पण जो पहिल्यापासून घरात काम करतो त्याला उठवू नका."

अधिकारी म्हणाले, "अक्का, नियम एका माणसासाठी नसतो."

"मंग सगळ्यांसाठी तसा लिहा."

सभागृह हसले, पण अधिकाऱ्यांनी ते टिपून घेतले. पुढे मंजूर झालेल्या नियमांत तो रस्ता रहिवासीच राहिला आणि तळमजल्यावरच्या घरगुती व्यवसायांना मुभा मिळाली. चाचांचे यंत्र चालू राहिले. यंत्राच्या आवाजाबद्दल अक्कांची कुरकुरही चालू राहिली.

कोणाचा फायदा आहे ते पाहून मी संशयित ठरवला होता. माणूस कोणाला सांभाळून घेतोय, हे विचारायला विसरलो होतो. त्यानंतर सेवेत असेपर्यंत चौकशीच्या माझ्या कागदावर पहिला प्रश्न बदलला: घरी काय वाळत घातलंय?