मामांनी पाणी पाजलेल्या इमारती

आमच्या विद्यापीठाचा खरा इतिहास ज्याला ऐकायचा असेल, त्याने कुलगुरूंच्या दालनाची पायरी चढू नये. थेट पाणीवाल्या मामांना गाठावे. कोनशिलांवर नावे मंत्र्यांची असली तरी इथल्या एकूण एक इमारतीला लहानाचे मोठे केले ते मामांनी. बांधकाम विभागात ते पाणी मारायला होते. स्लॅब ओतला की त्यावर वाफे बांधून पाणी साठवायचे, भिंतींना ओली गोणपाटे नेसवायची आणि काँक्रीट कच्चे राहू नये म्हणून एकवीस दिवस ती सुकू द्यायची नाहीत, एवढेच काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केले. गाव त्यांचे पारनेरकडचे, टँकरची वाट बघणारे. मामी म्हणायच्या, "घरात हंडा रिकामा, आन हे चाललं भिंतीला आंगूळ घालाया!"

इमारतींचे मामा सुनांसारखे गुणदोष सांगत. "लायब्ररी लई गुनाची, दिलं तेवढं पानी प्याली. सभागृह मातूर आगाव, निम्मं सांडायचं." एकदा परगावच्या एका विद्वान पाहुण्यांना त्यांनी वाटेत अडवून भौतिकशास्त्र विभागाच्या भिंतीला कान लावायला लावला आणि आपण पलीकडून थापट्या मारल्या. "भरीव हाय का न्हाई?" पाहुणे इतके भारावले, की भाषणात त्यांनी विभागापेक्षा भिंतीचेच कौतुक जास्त केले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी मामांकडून वहीभर माहिती उतरवून घेतली होती. कुठल्या वसतिगृहाच्या वेळी पाण्याची मोटार जळली, कुठे बायकांनी हापशावरून घागरी वाहिल्या. संपादकांनी ती सगळी गाळली आणि उद्घाटनांची यादी छापली.

मात्र आवारातल्या शाळेविषयी मामा चकार शब्द काढत नसत. निवृत्तीनंतरही रोज दुपारी येऊन ते तिच्या व्हरांड्याला पाइपने पाणी मारीत. कर्मचाऱ्यांची पोरे टाळ्या पिटीत विचारायची, "मामा, भिंत कधी उगवणार?"

"उगवाया नको बाळा, नुस्ती हुबी ऱ्हाऊ दे."

सगळे हसायचे. मी हसू शकत नव्हतो. शाळा बांधली त्या वर्षी दुष्काळ होता. टँकर बंद झाला, उद्घाटनाची तारीख मात्र ठरलेली. शाळेला पाणी मिळाले नऊ दिवस आणि नोंदवहीत लिहिले गेले एकवीस. "उठवा अंगठा मामा, काही होत नाही," असे त्यांना सांगणारा तरुण इंजिनियर मीच होतो. अंगठ्याखाली सही माझी.

"मामा, तेव्हा न मिळालेलं पाणी आता देऊन काय उपयोग?" मी एकदा चिडून म्हणालो.

"ठावं हाय सायब. म्हून तर म्हनतो, साळा कच्ची हाय आसं तुमी लिहून द्या. पोरं दुसरीकडं बसतील."

हे ते दरवर्षी म्हणायचे आणि मी दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचो. लिहायचे म्हणजे जुनी वही उघडायची, आणि मला बढती हवी होती.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत व्हरांड्याचा स्लॅब खाली आला. पोरे नव्हती. मामा होते, पाइप हातात धरून. त्यांचा उजवा पाय कायमचा गेला.

चौकशी समितीपुढे ती वही उघडली गेली. "अंगठा कुणाचा?"

"माजा."

"सांगितलं कुणी?"

मी समोरच बसलो होतो. मामांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "कुनी न्हाई. मला कटाळा आला हुता. सायबांनी माज्या भरवशावर सही केली."

त्यांच्या आयुष्यातले हे दुसरे खोटे, आणि दोन्ही माझ्यासाठी. मला तेव्हाच उठून बोलायला हवे होते. मी बोललो नाही. त्याची लाज अजून जात नाही.

मामांना आता आवारात येऊ देत नाहीत. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते कुबडी घेऊन बसतात आणि मला एकेका इमारतीची खुशाली विचारतात. परवा म्हणाले, "नव्या शाळेचा पाया खनला म्हनं. पानी किती दिस मारनार?"

"एकवीस."

"लिहून द्या."

खिशातून पेन काढायला मला फार वेळ लागला. चहाच्या पुड्याच्या कागदावर मी 'नव्या शाळेला एकवीस दिवस पाणी' असे लिहिले, खाली सही केली. मामांना वाचता येत नाही. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, नीट घडी घालून टोपीत ठेवला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.