ओळीचा पत्ता

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भंडाऱ्यातल्या रोजगार कचेरीत कॉम्प्युटर आला. नोकरीसाठी नोंदवलेली आमची नावं त्यात गेली. मी वरचेवर चौकशीला जायची. कॉम्प्युटर चालवणारा माणूस टेबलफॅन मशीनकडे वळवून स्वतः घाम पुसत बसलेला असायचा.

मास्तरकीच्या मुलाखतींची यादी लागली, तेव्हा खिडकीवरचा बाबू म्हणाला, "बाई, मशीनमधी तुमचं नाव नाही." मी परत फिरले.

आतून कॉम्प्युटरवाला म्हणाला, "थांबा नं जी. हरेक नावाच्या ओळीले मशीन पत्ता देते. कोणती फाइल, तिचा कोणता भाग, त्यातली कितवी ओळ. पत्ता बिघडला का नाव असूनबी सापडत नाही."

"मग आता?"

"आता सारीच फाइल वाचाची."

तो जेवायलाही उठला नाही. फाइलीचा एकेक भाग पडद्यावर आणून वाचत राहिला. उन्हं उतरताना एकदम हसला. "हे पाहा, तुम्ही तं इथंच आहा!"

त्या ओळीमुळेच मी पुढे शिक्षिका झाले.

नाव सापडलं म्हणून दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन गेले, तर तो अजून वाचतच होता. पडद्यावरची नजर न काढता त्यानं पेढा घेतला. "बसा जी. तुमच्यावाणीच पत्ता बिघडलेली आणखी एक बाई सापडली, आंबागडची."