अण्णांनी बसवलेले अ‍ॅक्सल

माझ्या सासऱ्यांशी माझं पहिलं नीट बोलणं झालं ते एका तुटक्या हाफशाफ्टवरून. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. तोवर आमचं संभाषण म्हणजे मी म्हणायचं, ‘अण्णा, चहा ठेवलाय’, आणि त्यांनी म्हणायचं, ‘ठेव गो’. ते गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर टॅक्सीच्या गॅरेजांतून कामं केली, मग गुडघे दुखायला लागले म्हणून घरी बसले. काळाचौकीच्या आमच्या चाळीत ते दिवसभर गॅलरीत पेपर वाचत असायचे, छोट्या जाहिरातींसकट.

मला गिरगावात माहेरी असल्यापासून गाड्यांचं वेड. लग्नाआधीच मी एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली होती. महिन्यातून एकदा आम्ही काही मित्रमैत्रिणी पनवेलच्या पलीकडे एका बंद दगडखाणीत जायचो आणि मोठमोठ्या धोंड्यांवरून गाड्या चढवायचो. यात शर्यत नसते. कुठलं चाक कुठल्या दगडावर ठेवायचं ते ठरवत बोटबोटभर पुढे सरकायचं, एवढाच खेळ. नवऱ्याला गाडीत मळमळतं, त्यामुळे तो यापासून लांबच राहिला.

मी हौसेने मोठे टायर घातले आणि पुढच्याच खेपेला खाणीत मागचा हाफशाफ्ट तुटला. हाफशाफ्ट म्हणजे चाक फिरवणारा अ‍ॅक्सलमधला दांडा. त्याचा तुकडा मी कापडी पिशवीतून घरी आणला. अण्णांनी तो मागून घेतला, तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, टायर केवढे घातलेस? मी हाताने दाखवलं.

“टायर पैलवानाचे आणि पाय पोराचे,” ते म्हणाले. “दुसरा घातलास तरी तुटतलो. आख्खे अ‍ॅक्सलच बदलूक होये गो, पुढचे-मागचे.”

पुढच्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे आले. एका जुन्या लष्करी ट्रकखालची अ‍ॅक्सलची जोडी त्यांनी निवडली. नळी हातोडीने ठोकून तिचा आवाज ऐकला, झाकण उघडायला लावून आतल्या गिअरचा एकेक दात बोटाने चाचपला. दुकानदार कंटाळून गेला, अण्णा नाही.

काम करायला जागा मिळाली ती त्यांच्या गिरणीतल्या जोडीदाराकडे. हे मूळचे वरळीच्या बीडीडी चाळीतले, आमच्या घराजवळच्या एका जुन्या गोदामात वेल्डिंगचं दुकान चालवायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. दुकानात बुद्धाची एक छोटी मूर्ती होती आणि तिच्यावर ठिणगी उडू नये म्हणून ते काम सुरू करण्याआधी समोर पत्रा उभा करायचे. दोघांची भेट कित्येक वर्षांनी होत होती. मिस्त्री म्हणाले, “जिवंत आहेस होय रे?” आणि लगेच पाने-हातोडे काढायला वळले.

त्यानंतरचे रविवार आठवले की अजून बरं वाटतं. गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेली, गंजलेले बोल्ट सुटता सुटत नाहीत, आणि हे दोघे गिरणीत जेवणाचे डबे वाफेच्या पाइपावर कसे गरम व्हायचे ते सांगतायत. कोणाच्या आईची सुक्या जवळ्याची चटणी भारी यावर त्यांचा वाद होता, तीस-पस्तीस वर्षांनंतरही मिटलेला नव्हता. नवे अ‍ॅक्सल रुंद होते, म्हणून पाट्यांच्या बैठका, म्हणजे ज्यांवर गाडीचे स्प्रिंगचे पाटे टेकतात त्या जागा, नव्याने वेल्ड करायच्या होत्या. अण्णांनी चॅसीच्या दोन्ही अंगांनी ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि त्यांमधून दोरा ताणून अ‍ॅक्सल काटकोनात आणला. गिरणीतले लांबलांब शाफ्ट असेच सुतात धरायचो, म्हणाले. मी दोऱ्याचं दुसरं टोक धरून बसायचे. घरात चार वर्षांत ते जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या दोऱ्यापलीकडून बोलले.

मग मी घाई केली. खाणीतली पुढची फेरी जवळ आली होती. त्या रविवारी अण्णांना सासूबाईंबरोबर हिंदमाताला नात्यातल्या एका लग्नाच्या साड्या घ्यायला जावं लागलं. जाताना त्यांनी मला बजावलं होतं की मागच्या बैठकांचा कोन, म्हणजे इंजिनकडून येणारा दांडा अ‍ॅक्सलला ज्या कलाने मिळतो तो, गाडी चाकांवर उतरवल्याशिवाय घ्यायचा नाही, आधी पाट्यांवर वजन बसू दे. मी गाडी घोड्यांवर असतानाच मोबाइलवर कोन मोजला. मिस्त्रींनी विचारलं, “त्याला विचारलंस?” मी हो म्हटलं. त्यांनी तेवढ्यावर वेल्डिंग पक्कं केलं.

आठवड्याने गोदामाच्या आवारात गाडी फिरवून पाहिली. शेजारी अण्णा. थोडा वेग घेतला तशी बुडाखालून घरघर सुरू झाली. त्यांनी हात वर करून गाडी थांबवायला लावली, उतरून खाली वाकून पाहिलं, मग मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगून टाकलं.

अण्णा गुडघ्यावर हात टेकून सरळ उभे राहिले. मग म्हणाले, “कोन चुकला, तो कापून परत लावता येईल. पण मिस्त्री माझ्या शब्दावर डोळे मिटून वेल्डिंगचा टाका मारतो. तू माझा शब्द खोटा वापरलास.”

मी मिस्त्रींची माफी मागितली. ते ‘असू दे’ म्हणाले आणि ग्राइंडर माझ्या हातात दिला. पुढचे दोन रविवार मी स्वतः ते वेल्ड कापून घासून काढले. फेरी चुकली. तिसऱ्या रविवारी गाडी चाकांवर उतरवून, मागे वाळूच्या गोण्या टाकून अण्णांनी पुन्हा कोन घेतला, आणि घरघर गेली.

पुढच्या महिन्यात टोइंगच्या ट्रकवर चढवून पिकअप खाणीत नेली. अण्णा छत्री घेऊन आले होते. चढणीच्या मधोमध माझं पुढचं चाक दोन धोंड्यांच्या फटीत बसलं. खालून पाचजण पाच गोष्टी ओरडत होते, इंजिनच्या आवाजात काही कळत नव्हतं. अण्णा छत्री टाकून समोर येऊन उभे राहिले. त्यांनी ओठ हलवले नाहीत. तळहाताने मागे ढकलल्यासारखं, मग मूठ, मग दोन बोटं माझ्या उजवीकडे. मागे जा, थांब, आता उजवीकडे. मला ती भाषा कोणी शिकवलेली नव्हती, पण एकही खूण चुकली नाही. गाडी कलली, टायर दगडाला घासला आणि वर निघाली. वर पोचल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, गिरणीत मागांच्या खात्यात आवाज एवढा की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. तिथे सगळे असेच बोलायचे.

परतीच्या वाटेवर आम्ही चहाला थांबलो. त्यांनी मिस्त्रींना फोन लावला आणि एकेका दगडाचं वर्णन केलं. तसं वर्णन मलाही जमलं नसतं.

त्यानंतर ते तीन वेळा खाणीत आले. मग चाळ पुनर्विकासाला गेली, आम्ही संक्रमण शिबिरात आलो, गोदामही पाडलं. अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. पिकअप मी विकलेली नाही. खाणीजवळच्या एका ओळखीच्या माणसाच्या अंगणात ठेवली आहे, आणि गेल्या महिन्यात प्रथमच सासूबाई बघायला आल्या. गाडीभोवती एक फेरी मारून, खाली वाकून त्यांनी मला विचारलं, यातलं त्यांनी नेमकं काय केलं होतं? मी ओढणी खोचून गाडीखाली मातीत उताणी झाले आणि त्यांना एकेक जागा दाखवायला लागले.