दुखणेकऱ्यांचा पाव

पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो, किस्से मात्र होत नाहीत. भूमच्या आमच्या महिला सहकारी बेकरीचे तर इतके साठलेत की, मैत्रिणी जमल्या की एकीनं सुरू करायचं आणि दुसरीनं "तसं नव्हतं ग" म्हणून मोडता घालायचा!

दुष्काळाचं साल. आमचे हे खासगी शाळेत मास्तर. शाळेला अनुदान नाही, म्हणून ह्यांना पगार नाही. दुष्काळी कामावर खडी फोडण्यापेक्षा बरं, म्हणून मी बेकरीत गेले. बेकरीला चेअरमन होती, व्हाइस चेअरमन होती, रबरी शिक्का होता. पाव करता येणारी बाई तेवढी नव्हती. उद्घाटनाला आलेल्या सरकारी साहेबांनी चाखला तो पाव सकाळच्या एसटीनं बार्शीहून आणलेला. "भगिनींनो, बाहेरच्या पावाला ही चव नाही," असं साहेब म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

शिकवायला रहीमचाचा आले. मैदा मळून ओल्या फडक्याखाली झाकला आणि नमाजाला गेले. चेअरमन काशीबाईंनी फडकं उचलून बघितलं, तर गोळा दुप्पट! नासला म्हणून त्यांनी तो भाकरीसारखा थापून सपाट केला. चाचांनी परत झाकला, काशीबाईंनी परत थापला. शेवटी चाचा पातेल्याशेजारीच खुर्ची टाकून बसले.

"बाई, बच्चा सोया है. मारो मत."

त्या दिवशीचे पाव रस्त्याच्या कामावर खडी म्हणून चालले असते.

*

बिघडलेले पाव आम्ही बायका घरी न्यायचो. घरात ज्वारीचा दाणा नव्हता, त्यामुळं पाव आमटीत बुडवून तिन्ही त्रिकाळ तेच. पण आमच्याकडं पाव खातो तो फक्त आजारी माणूस. तिसऱ्या दिवशी पोरांच्या हातात पाव बघून शेजारच्या गंगूबाई घाबऱ्या घाबऱ्या आल्या, कोण आजारी आहे विचारायला. घरात पीठ नाही हे मास्तरांच्या तोंडून निघेना. त्यांनी भर उन्हाळ्यात घोंगडं ओढून घेतलं आणि कण्हायला लागले.

संध्याकाळी गंगूबाईंनी पोरांसाठी गरम भाकरी आणून दिल्या. मास्तर आणखी आठ दिवस आजारी राहिले.

*

पुढं पाव चांगले व्हायला लागले, पण गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टरांचे पेशंट. डॉक्टर लग्नाला लोहाऱ्याला गेले, की आमचे पाव पडून. काशीबाई कंपाउंडरला गाठून काळजीनं विचारायच्या, "गावात ताप-बीप हाय का न्हाय काही?"

*

आम्ही बौद्ध. मळायला माझा हात सगळ्यांत चांगला, हे चाचांनीच सांगितलं होतं. तरी काशीबाई एक दिवस हळूच म्हणाल्या, मागं भट्टीजवळच बस, पुढं दुकानात नको. लई वाईट वाटलं. पण घर त्यावरच चालत होतं, मी मागं बसले.

त्याच महिन्यात पाटलांच्या थोरल्या बाईंना टायफॉइड झाला. डॉक्टरांनी दूध-पावच सांगितला. त्या बाई आम्हाला पाणी द्यायच्या ते वरून, ओंजळीत. पाव कुणाच्या हातचा हे त्यांना कळलं, तर सगळा बाजार पाव बंद करील आणि माझं काम जाईल, ह्या धास्तीनं मी महिनाभर मळत होते.

एका दुपारी बाई मळ्यातून चालत स्वतःच आल्या. थेट मागं. माझे हात कोपरापर्यंत मैद्यात.

"कोण मळतं ग पाव?"

काशीबाई भिंतीकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "मीच."

बाई बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिल्या. काशीबाई घाईघाईनं म्हणाल्या, "डॉक्टरनी तुमाला भाकरी सुरू केली म्हणं. आता पाव बंदच करायचा आसंल?"

"डॉक्टरला काय कळतंय? मला लई अशक्तपणा हाय अजून," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "रोज दोन धाडत जा. अन् मळायला दुसरी बसवू नका."