गमरे गुरुजींचं मागचं चाक

मोटारसायकल मला चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वय बावन्न, वजन सत्त्याऐंशी किलो, आणि दोन चाकांवर तोल सांभाळायचा म्हटलं की मी आधी दोन्ही पाय जमिनीला टेकवतो. तरी गेली नऊ वर्षं मी मोटारसायकलवरूनच शाळेत जातो, कारण पुढे महेंद्र गमरे असतो. संगमेश्वरपासून बावीस किलोमीटर, त्यातला निम्मा चढ, आणि वर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, आमची दोन शिक्षकांची शाळा. एक तो, एक मी. गाडी रस्त्यात बसली तर शाळेला आपोआप सुट्टी, म्हणून पोरं रोज आशेने वाट बघायची. यंदाच्या जानेवारीपर्यंत त्या गाडीने पोरांची एकदाही सोय केली नाही.

गाडी काही फार भारी होती असं नव्हे. सोळा वर्षांची गाडी, मूळ रंग कुठला ते कागदपत्रांत बघावं लागतं. पण महेंद्र तिच्या चाकांना दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. सगळं जग टायर बदलायला दुकानात जातं, एक चहा पिऊन होईपर्यंत काम होतं. हा गृहस्थ नवा टायर खांद्याला अडकवून घरी आणणार आणि अख्खा रविवार अंगणात घालवणार. वर मला बोलावणार. चाक धरायला कोणीतरी लागतं म्हणे. मी कुरकुरत जायचो, पण जायचो. शेवटी त्या चाकावर माझंच बूड असायचं ना.

ही खोड त्याला वडिलांकडून आलेली. रामजीकाका मुंबईत एका टॅक्सी गॅरेजात तीस वर्षं होते. गावी परतले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. तिच्यात पाने आणि टायर काढायच्या तीन लोखंडी पट्ट्या, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. काका गेले, पेटी महेंद्रकडे आली, आणि तिच्याबरोबर त्यांचं एक सांगणंही आलं. मागे माणूस बसवत असशील तर चाक स्वतः लाव, म्हणजे काही झालं तर दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

आता ते काम कसं चालायचं ते ऐका. चाक खोलून गोणपाटावर आडवं करायचं, हवा सोडायची, आणि टायरवर उभं राहून त्याची कड रिमपासून सुटी करायची. हे काम माझं. माझ्या वजनाचं कौतुक जगात फक्त तिथेच झालं. मग पट्ट्या घालून टायर थोडा थोडा बाहेर काढायचा. नवा घालताना आत हात फिरवून बघायचं, ट्यूबला पावडर चोळायची, टायरवरचा बाण पुढच्या दिशेला आहे ना हे मला दोनदा विचारायचं. कडेला साबणाचं पाणी लावायचं. साबणाचंच, कारण ते सुकलं की टायर रिमला घट्ट धरून बसतो. हे त्याने मला नऊ वर्षांत निदान वीसदा सांगितलं असेल, आणि मी वीसदा हो म्हटलं असेल.

एवढ्यावर संपलं तर तो महेंद्र कसला! त्यानंतर चाकाचा तोल बघायचा. दोन जांभे चिरे उभे करून त्यांच्यावर चाकाचा दांडा टेकवायचा, म्हणजे मधे चाक मोकळं राहतं. हलकं ढकललं की ते फिरतं, मागेपुढे डुलतं आणि जड बाजू खाली आली की थांबतं. त्याच्या बरोबर वर महेंद्र खडूची खूण करायचा आणि तिथल्या स्पोकला शिशाचा तुकडा दाबून बसवायचा. शिसं केरूच्या जुन्या पागाचं, म्हणजे फेकायच्या जाळ्याचं. केरू शास्त्री नदीत मासे मारतो, पाग फाटला की त्याच्या कडेचे शिशाचे मणी महेंद्रला आणून देतो. पुन्हा फिरव, पुन्हा बघ. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबायला लागलं की झालं. मी म्हणायचो, अरे बाबा, चाळिसाच्या वर तुझा काटा कधी गेलाय का? तो म्हणायचा, चाळिसाला पडलं तरी लागतंच.

सगळ्यात शेवटी खिशातला खडू काढून टायर आणि रिम दोघांवरून मिळून एक रेघ. रोज सकाळी निघायच्या आधी वाकून ती रेघ बघायची. दोन्ही तुकडे जुळलेले म्हणजे टायर रिमवर सरकलेला नाही. मग मला खूण करायचा, बस. नऊ वर्षं माझा दिवस असाच सुरू झाला.

जानेवारीत मागचा टायर बदलायचा निघाला. रविवार होता. घरी बांगड्याचं तिखलं शिजत होतं आणि बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. इकडे टायरचा शेवटचा वीतभर भाग काही केल्या आत जाईना. तेवढ्यात महेंद्रच्या आईने, कमलाआयेने, त्याला आत हाक मारली. जाताना तो म्हणाला, साबणाचं पाणी संपलंय, ताजं करून आणतो, तोवर हात लावू नकोस.

पडवीच्या कठड्यावर आयेची खोबरेलाची बाटली होती. आता आम्ही कोकणातली माणसं. दार करकरलं, खोबरेल. डोकं दुखलं, खोबरेल. विळीला गंज चढला, पोराची टाळू भरायची, कुलूप अडकलं, खोबरेल. माझा हात बाटलीकडे गेला तेव्हा डोकं बरोबर नव्हतं, ते तिखल्यापाशी होतं. दोन्ही कडांना चांगलं फिरवून तेल चोळलं, पट्टी घातली आणि टायर सुळकन आत गेला. महेंद्र पाणी घेऊन आला तर काम झालेलं. इतका खूश झाला तो! म्हणाला, नऊ वर्षांनी का होईना, हात बसला तुझा. मी फुगलो, आणि तेलाचं न सांगताच घरी पळालो.

दुसऱ्या दिवशी चढावर, मोठ्या वळणाच्या अलीकडे, मागचं चाक अचानक बसलं. गाडीचं बूड डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं आणि आम्ही रस्ता सोडून खाली. मी पडलो करवंदीच्या जाळीत. विजार फाटली, अंगभर काटे, बाकी काही नाही. महेंद्र कडेच्या दगडी गडग्यावर आदळला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. तसाच उठून आधी माझ्यापाशी आला, मला चाचपून बघितलं, आणि मग चाकापाशी जाऊन बसला. रेघेचे दोन तुकडे वीतभर लांब झाले होते. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

त्याला प्लास्टर घालायला नेलं आणि मी चाक घेऊन विठूच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. विठूने टायर उघडला, कडेवर बोट फिरवलं, वास घेतला.

"टायरला तेल कोणी लावलंन?" तो म्हणाला. "तेलाने टायर रिमवर फिरतो, गुरुजी. बरोबर ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह उपटून येतो."

मी म्हटलं, काय माहीत. एवढंच म्हटलं. विठूने वरवर पुसून नवी ट्यूब घातली, टायर तोच ठेवला, आणि मी चाक घेऊन आलो.

संध्याकाळी महेंद्र गळ्यात हात अडकवून पडवीत बसला होता. सांगायचंच म्हणून गेलो होतो मी, शपथ. पण तोच आधी बोलला.

"माझ्या हातात काही राहिलं नाही आता. तुझी पोरंबाळं आहेत रे घरी. यापुढे मागे कोणाला बसवायचं नाही."

आणि मी न सांगताच उठून घरी आलो.

पत्र्याची पेटी माळ्यावर गेली. गाडीवर गोधडी पडली. आम्ही सकाळची एसटी धरायला लागलो, फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चढ पायी. माझं वजन चार किलो उतरलं, बायको खूश. पण मला महेंद्रकडे बघवत नव्हतं. वर्गात फळ्यावर लिहिताना मधेच थांबून स्वतःचा हात बघायचा. प्लास्टर निघालं तरी साधी सायकलची चेन बसवून द्या म्हणून आलेल्या पोराला त्याने विठूकडे पाठवलं. आणि मी, ज्याने हे केलं, तो शेजारी बसून हजेरी भरत होतो. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज चढ संपायचा आणि शाळा यायची. भित्रा माणूस मी, दुसरं काय!

मार्चात देवरुखला डोळे तपासायचं शिबिर होतं, रविवारी. कमलाआयेला जायचं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, पण लेकाच्या गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसायची तिला भारी हौस. महेंद्रने रिक्षा सांगितली होती, म्हणून ती रुसून बसली होती. शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी त्यांच्याकडे टेकलो, तर माझ्यापाशी त्याची तक्रार करता करता ती सहज म्हणाली,

"आनि गुरुजी, त्याल हवं व्हतं तर मागायचंत. त्या चाकाच्या दिवशी अर्धी बाटली रिकामी झाली माझी."

म्हातारीच्या मनात काहीच नव्हतं. केसांना तेल कमी पडलं एवढंच तिचं दुःख. पण महेंद्र आतून चहा घेऊन येत होता, तो दारातच थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. आता गप्प राहिलो असतो तर पुन्हा त्याच्या दारात उभं राहायची माझी लायकी नव्हती.

"मी लावलं तेल, महेंद्र," मी म्हटलं. "तू आत गेलास तेव्हा. विठूने मला त्याच दिवशी सांगितलं, तेलानेच चाक गेलं. तुझ्या हातांचा काही दोष नव्हता."

त्याने चहा खाली ठेवला. मला वाटलं, आता दोन शिव्या घालेल, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो आत गेला. माळ्यावर खुडबुड झाली. धुळीने भरलेली पेटी घेऊन बाहेर आला आणि माझ्या पायाशी ठेवली.

"टायर धुवून काढायला हवा," तो म्हणाला. "उद्या आईला गाडीवरूनच नेतो. चाक तू लाव. मी हात लावणार नाही."

मी म्हटलं, नको रे बाबा, आयेला कशाला. तो पायरीवर बसला आणि चहा प्यायला लागला. कमलाआये त्याच्या शेजारी सुपारी कातरत बसली. दोघं माझ्याकडे नाटकाला आल्यासारखी बघत होती.

साडेतीन तास लागले मला. टायर आणि रिम साबणाने तीनदा धुतले, वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. आत हात फिरवला. बाण बघितला, चारदा. तो शेवटचा वीतभर भाग अडला तेव्हा घामाने डोळे चुरचुरत होते आणि पट्ट्या हातातून निसटत होत्या, पण बाटलीकडे मान वळवली नाही. ताजं साबणाचं पाणी लावलं, टायरची पलीकडची बाजू गुडघ्याने दाबून धरली, आणि गेला एकदाचा आत. चिऱ्यांवर चाक फिरवलं, केरूच्या पागाचे दोन मणी बसवले. कुठेही सोडलं तरी चाक तिथेच थांबायला लागलं. महेंद्र पायरीवरूनच बघत होता. फक्त शेवटी खिशातून खडू काढून माझ्यापुढे धरला. रेघ मी मारली. पट्ट्या ओढून बोटं आखडली होती, त्यामुळे जरा वाकडी आली.

रविवारी आठ वाजता मायलेक निघाले. आये मागे एका बाजूला पाय सोडून, नवं लुगडं, तोंडभर हसू. मी वळणापर्यंत बघत राहिलो आणि मग रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. देवरुख अठरा किलोमीटर. कुठे कुठे वळणं आहेत ती सगळी आठवली. हवा किती भरली होती? नट आवळला होता ना? आवळला होता, महेंद्रने बघितलंही होतं. तरी पुन्हा मनात आवळला. लांबून गाडीचा आवाज आला की उठायचो, दुसरीच निघायची. बायकोचा फोन आला, तिखलं केलंय, जेवायला येताय की नाही? मी म्हटलं, तुम्ही घ्या जेवून. तिला वाटलं मी आजारी पडलो.

पावणेतीनला गाडी आली. माझा जीव भांड्यात पडला. आये उतरली, लुगडं झटकलं, म्हणाली, चष्म्याचा नंबर बदललाय आणि गाडी कशी पाटावर बसल्यासारखी चालते. महेंद्रने गाडी उभी केली आणि मला खुणेने वाकायला लावलं. माझी वाकडी रेघ. टायरवर अर्धी, रिमवर अर्धी, आणि मधे केसभरही फट नाही.

"जेवलास?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. घास गेलाच नसता खाली, म्हटलं. सकाळपासून त्या चाकाशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

"मी नऊ वर्षं असाच जातो," महेंद्र म्हणाला. "रोज. तू मागे असतोस म्हणून."

माझे डोळे भरून आले, ते मी चाकाकडे वाकून तसेच पुसले. त्याने पेटीतल्या तिन्ही पट्ट्या फडक्याने पुसून जागेवर ठेवल्या. पेटी माळ्यावर नेली नाही, पडवीतच नेहमीच्या कोनाड्यात ठेवली.

"उद्या साडेसहाला ये," तो म्हणाला. "आणि रेघ तू बघायची."