जपानच्या धुऱ्यावरची तूर

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आमच्या बडेबाबूंचं, म्हणजे कचेरीतल्या हेडक्लार्कचं, आहे. आणि घराचा उंबरठा ओलांडण्याआधी त्याचं प्रयोजन लिहून ठेवणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर झाला नसेल. आंबागडच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही केली नव्हती. गावातली शाळा संपली तेव्हा बाबूंनी मला शहरात स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, मॅट्रिक केलं, बी.ए. केलं आणि शेवटी स्वतःच्याच कचेरीत हंगामी कारकून म्हणून आणून बसवलं. त्या कचेरीचं नाव लिहीत नाही. ते बाबूंनाही आवडलं नसतं.

बाबूंचा धर्म म्हणजे फिरतीची दैनंदिनी. निघालो कुठून, पोचलो कुठे, प्रयोजन काय, निष्पन्न काय, असे चार रकाने. इतरांच्या दैनंदिन्या तपासून ते खाली सही करत, आणि ती सही झाल्याशिवाय भत्ता मिळत नसे. स्वतः सायकलवर जात. वाटेत साखळी उतरली तर तीही लिहीत. बरं, हे कचेरीपुरतं असतं तर ठीक होतं. एकदा काकूंनी वांग्यांसाठी पाठवलं आणि बाबू रिकामी पिशवी घेऊन परतले. काकूंनी विचारलं, "वांगे काहून नाई आणले जी?" बाबूंनी खिशातली वही काढून वाचून दाखवलं, "प्रयोजन वांगी. निष्पन्न शून्य. कारण, बाजार उठला होता." काकू सिहोऱ्याच्या. त्यांना बघायला गेले त्या दिवसाचं पानही बाबूंनी जपलं होतं: "प्रयोजन वधूपरीक्षण. निष्पन्न होकार. चहा गोड होता." हे पान काकू हसत हसत सगळ्यांना दाखवायच्या.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमचे साहेब आणि दोन पदाधिकारी सरकारी खर्चानं जपानला गेले. धानशेतीचा अभ्यास आणि तांदळाच्या व्यापाराची बोलणी, असं कागदावर होतं. एकवीस दिवसांनी परतले ते कॅमेरे, घड्याळं आणि घडीच्या छत्र्या घेऊन. खर्चाचं बिल बाबूंच्या टेबलावर आलं, तसे बाबू साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, दैनंदिनी?"

साहेब हसले. "बडेबाबू, मी जपानला गेलो होतो. नाकाडोंगरीला नाही."

"तेच म्हणून राहिलो, साहेब. नाकाडोंगरीले गेलो तं मी चार रकाने भरतो. जपान तं त्याहून दूर हाये."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. माझ्या कायम नोकरीचा हुकूम सहीसाठी त्यांच्यासमोर पडला होता. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तू पदवीधर आहेस. मराठी चांगलं लिहितोस. एकवीस दिवसांचं लिहून टाक."

मी लिहिलं. वाचनालयातल्या जाड पुस्तकातून शहरांची नावं घेतली, डोंगर घेतले, आगगाड्या घेतल्या. पण शेत कुठून आणणार? मी शेत एकच पाहिलं होतं, बापाचं. म्हणून जपानच्या बांध्यांमध्ये धान डोलू लागलं, आणि धुऱ्याधुऱ्यावर, आमच्याकडे बांधांवर असते तशी, हिरवीगार तूर उभी राहिली.

टंकलेखन करून दैनंदिनी बाबूंकडे गेली. साहेब समोर होते, मीही होतो. बाबूंचं बोट ओळीवरून सरकत होतं, ते एका जागी थांबलं.

"साहेब, जपानात धुऱ्यावर तूर लावतेत?"

"लावतात म्हणजे? मी डोळ्यांनी पाहिली!"

बाबूंनी साहेबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी सायकल काढताना एवढंच म्हणाले, "तूर तुया बापाची दिसते गा."

दैनंदिनीवर त्यांनी शेरा मारला: "दौऱ्यावर न गेलेल्या व्यक्तीने लिहिलेली. सही करता येत नाही." कोणी लिहिली ते सांगा, म्हणून वरून लेखी विचारणा झाली. बाबूंनी नाव दिलं नाही. महिन्याभरात त्यांची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. नव्या बडेबाबूंनी बिल मंजूर केलं आणि त्याच आठवड्यात माझा हुकूम निघाला. निरोपाच्या दिवशी बाबूंच्या गळ्यात हार मीच घातला. त्यांनी मान वाकवली, मला सोपं जावं म्हणून.

पुढे बाबू काकूंच्या गावी राहायला गेले आणि मी भंडाऱ्याला आलो. सहा वर्षं मी त्यांना तोंड दाखवलं नाही. मग एका सोमवारी हे पत्र टाकलं.

*

तीर्थरूप बाबूंना शिरसाष्टांग नमस्कार.

काल रविवारची दैनंदिनी सोबत लिहीत आहे.

निघालो : भंडाऱ्याहून, सकाळच्या गाडीनं.

पोचलो : सिहोऱ्याला, तुमच्या फाटकापर्यंत.

प्रयोजन : जपानची तूर मी लावली होती, हे तोंडानं सांगणं.

निष्पन्न : तुम्ही पाठमोरे बसून सायकलला तेल देत होता. आतून काकूंनी विचारलं, "कोण आलं जी?" तुम्ही वळून न पाहताच म्हणालात, "कोणी नाई." मी तसाच परत फिरलो. निष्पन्न शून्य.

बाबू, हा दौरा खरा आहे. शेरा तुम्हाला वाटेल तो मारा. पण तपासून खाली सही करा आणि परत पाठवा, एवढीच विनंती.

तुमचा,
आंबागडचा